घर सोडायची वेळ आली तर कशाने निघायचं? कोकणातल्या घरांसाठी

यंदा मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आम्ही आजीला खुर्चीत बसवून पाखाडी, म्हणजे डोंगरउतारावरची पायऱ्यांची वाट, चढवून बघितली. आमचं घर वाशिष्ठीच्या खाडीकाठी आहे आणि वरच्या वाडीत जायला चिऱ्याच्या ६४ पायऱ्या आहेत. आधी घेतली ती प्लॅस्टिकची खुर्ची. विसाव्या पायरीच्या आतच तिचा हात वाकला आणि आजी एका अंगाला कलली. मग पडवीतली जुनी सागवानी खुर्ची काढली, दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, आजीच्याच जुन्या लुगड्याचा पट्टा तिच्या छातीवरून मागे नेऊन गाठ मारली आणि चौघांनी उचलली. मध्ये दोनदा टेकवावी लागली. वर पोहोचायला २२ मिनिटं लागली. मी एकटा तीच पाखाडी ६ मिनिटांत चढतो.

हा २२ चा आकडा आता आमच्या पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलेला आहे. घरातलं सगळं गणित त्याच्यावर बसवलंय.

घर सोडा म्हटलं की पहिला हात गाडीच्या किल्लीकडे जातो. तो थोडा थांबवावा, एवढ्यासाठी हे लिहितोय. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पहाटे पाणी शिरलं. बाजारपेठेतल्या आमच्या एका नातेवाइकांनी दारातली गाडी बाहेर काढायचा प्रयत्न केला, ती गल्लीच्या तोंडापर्यंतही गेली नाही. शेवटी सगळे माळ्यावर चढले म्हणून वाचले. एसटी आगारातल्या गाड्या पाण्यात होत्या, महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला, कोकण रेल्वेच्या गाड्या वाटेतल्या स्टेशनांवर अडकून पडल्या. रस्ता, एसटी, रेल्वे, सगळं एकाच पावसात बंद. प्रत्येक वाहनाची एक वेळ असते. ती टळली की त्या वाहनाचा मोह सोडायचा आणि त्याहून साधं साधन धरायचं. कोणत्या घडीला कोणतं, हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवायचं.

आधी ठरवा, कशापासून निघायचंय

पूर, वादळ आणि दरड या तिघांसाठी तीन वेगळ्या वाटा आणि तीन वेगळी वाहनं लागतात. एकच बेत सगळ्यांना लावला तर तो नेमका नको तिथे फसतो.

पुरात लांब जायचं नसतं, उंच जायचं असतं. खाडीकाठच्या गावात पाण्याची वेळ भरतीशी बांधलेली असते. वरून पाऊस आणि खालून भरती एकत्र आली की नदीला समुद्रात उतरायला जागाच राहत नाही. भरतीची वेळ काढायची जुनी रीत आजही कामाला येते. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, त्या दिवसांत मुसळधार पाऊस लागला तर भरती चढायच्या आधीच हालायचं. एरवीच्या दिवशी पुरेल तो वेळ त्या दिवशी पुरत नाही.

वादळाची खबर एक-दोन दिवस आधी मिळते. तेव्हा खरं वाहन वापरायची संधी असते आणि ती वापरावीच. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि रायगडातून दापोली-मंडणगडापर्यंत माड, पोफळी, आंबे मुळासकट आडवे झाले. वारा थांबल्यावर गाडी होती, पेट्रोल होतं, पण रस्त्यावर झाडांची आणि विजेच्या खांबांची रास होती. म्हणून वादळासाठी नियम एकच ठेवा. वारा सुरू व्हायच्या आधी पोहोचलेलं असायचं. निघालेलं नव्हे, पोहोचलेलं. आणि मध्येच वारा अचानक पडला, आभाळ उघडलं, तर लगेच बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने तसाच वारा येतो.

दरडीला मात्र वेळ मिळत नाही. तळियेत २२ जुलै २०२१ ला डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच्या दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, इर्शाळवाडी झोपेत असताना गाडली गेली. डोंगराच्या कुशीत घर असेल तर चिन्हं बघायला शिका: जमिनीला नवी भेग, कललेला खांब किंवा झाड, अचानक घट्ट बसायला लागलेलं दार, पऱ्याचं, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याचं, पाणी एकदम गढूळ होणं किंवा भर पावसात आटणं. यातलं एक जरी दिसलं तरी उजेड असतानाच निघायचं, आणि पायी. पऱ्याच्या पात्राने खाली उतरायचं नाही, कारण दरडीचा राडा त्याच वाटेने येतो. बाजूला, दुसऱ्या सोंडेवर सरकायचं.

लोटे किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी वायुगळतीचाही विचार करावा. वारा जिकडे वाहतोय तिकडे पळायचं नाही आणि गळती जिथे झालीय तिकडेही नाही. वाऱ्याला आडवं जायचं. दुचाकी आणि रिक्षा उघड्या असतात, तेव्हा खिडक्या बंद करून गाडीने जावं. गाडी नसेल तर दारं-खिडक्यांच्या फटी ओल्या कपड्याने बुजवून घरातच थांबणं बरं.

मग वाट चालून या

वाहनाचा विचार वाटेच्या नंतर येतो. एका रविवारी घरापासून मुक्कामाच्या जागेपर्यंत चालत जा आणि वाटेत जे जे अडवू शकेल ते वहीत लिहा. कुठे साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आहे, कुठल्या मोरीवरून दरवर्षी पाणी जातं, कुठे रस्ता डोंगर कापून काढलाय आणि वरची माती मोकळी आहे, कुठे जुना आंबा विजेच्या तारांवर झुकलाय. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. आमच्याकडे एका काकांनी गडग्यावरचा, म्हणजे दगडी कुंपणावरचा, एक चिरा दाखवला आणि म्हणाले, "ह्याच्या खाली गाडी लावायची नाय." मी तिथेच गाडी लावत होतो.

पूल उभा दिसतो म्हणून पाण्यात त्यावर विश्वास टाकू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि अंधारात दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. चालकांना पूल गेलाय हे दिसलंच नाही. तुमच्या वाटेवर जुना पूल असेल तर तो न ओलांडता पोहोचता येईल अशी दुसरी जागा शोधा, मग ती सोयीची नसली तरी चालेल.

घाटांचंही तसंच. गुहागर-चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा, सावंतवाडीहून आंबोली, महाडहून वरंधा, माणगावहून ताम्हिणी. वर देशावर नातेवाईक असतात म्हणून मन तिकडे धावतं. पण जोरदार पावसात घाटात दरडी येतात, आणि वरंधासारखा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद करायचीच वेळ बहुधा येते. घाट चढायचा तर आभाळ मोकळं असताना, आदल्या दिवशी. पाऊस धरल्यावर घाटाचं नाव काढू नका.

मुक्काम तीन ठरवा. एक, चालत पोहोचता येईल असा उंचावरचा, म्हणजे वरच्या वाडीतलं घर, शाळा किंवा देऊळ. पण देऊळ पऱ्याच्या काठी असेल तर नको. दुसरा, तालुक्याच्या गावात सोयीचा आणि दवाखान्याजवळचा. तिसरा लांबचा, फक्त वादळाच्या आगाऊ सूचनेसाठी. पहिला मुक्काम पक्का झाल्याशिवाय तिसऱ्याची चर्चा करू नका.

घरातली माणसं मोजा, पण खरोखर

आमच्या घरात एरवी पाच माणसं असतात. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की सतरा होतात, आणि ते दिवस पावसाचेच असतात. पाच जणांची गाडी सतरांना पुरत नाही. त्यामुळे कागदावर दोन बेत असावेत, एक रोजचा आणि एक सणाचा.

प्रत्येकाच्या नावापुढे एकच गोष्ट लिहा: रात्री, पावसात, अर्धा तास चालू शकतो का? आजी-आजोबा, गरोदर बाई, बाळंतीण, डायलिसिसवर असलेला, ऑक्सिजन लागणारा, डोळ्यांना कमी दिसणारा. जे चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी पहिलं वाहन राखून ठेवायचं आणि त्यांनाच सगळ्यात आधी हलवायचं. धडधाकट माणसांनी मागून पायी यायचं. गरोदर बाईची तारीख जुलै-ऑगस्टात असेल तर तिला दोन-तीन आठवडे आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे ठेवा. साकव बुडाल्यावर १०८ ची रुग्णवाहिका साकवाच्या पलीकडेच उभी राहते, अलीकडे येत नाही.

गुरांसाठी गाडी मिळत नाही हे आधीच मान्य करा. वेळ असेल तर त्यांना हाकत उंचावर न्या, नसेल तर दावी सोडा. गोठ्यात बांधलेलं जनावर पाण्यात काहीच करू शकत नाही. हे लिहितानाही जड जातं, पण दावं सोडायला घरातल्या एका माणसाचं नाव ठरलेलं असलं पाहिजे.

आता एकेक साधन

पाय. पूर आणि दरड दोन्हींत सगळ्यात भरवशाचे. पायात चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. हातात काठी हवी, कारण गढूळ पाण्यात पुढची पायरी आहे की गटार हे काठीच सांगते. दोघांमध्ये दोर धरायचा, पोरांना मधल्या जागी ठेवायचं. सामान पाठीवर, हात मोकळे. वाहतं पाणी घोट्याच्या वर, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि ओढ जोराची असेल, तर मोठा माणूससुद्धा पडू शकतो. असा ओहोळ ओलांडायचा नाही.

डोली. रस्ता नसलेल्या वाड्यांमध्ये अजूनही आजारी माणूस डोलीतूनच खाली आणतात, त्यामुळे ही कला गावात आहे. तिचा उपयोग करा. हातांची जाड लाकडी खुर्ची, दोन सरळ बांबू, सुताचा दोर. नायलॉनचा दोर ओला झाला की गाठ सरकते. उचलणारे चार आणि पालटायला दोन, म्हणजे सहा माणसं लागतात. ती सहा नावं शेजारपाजारच्या घरांतून आजच घ्या. पुढच्या बाजूला उंच माणसं ठेवू नयेत, चढावर आजी मागे झुकते. हे आम्हाला बाराव्या पायरीवर कळलं.

दुचाकी. एक-दोन धडधाकट माणसांसाठी, कोरड्या किंवा नुसत्या ओल्या रस्त्यावर, ठीक. अरुंद पाणंदीतून निघते, पडलेल्या झाडाशेजारून काढता येते. पण वाऱ्यात ती सगळ्यात आधी आडवी होते, आणि चाकाच्या निम्म्यापर्यंत वाहतं पाणी असेल तर तोलच राहत नाही. एका गाडीवर नवरा-बायको आणि दोन पोरं बसवून वादळात निघणं हा जीवघेणा प्रकार आहे. बॅटरीवर चालणारी असेल तर इशारा आला त्याच रात्री पूर्ण चार्ज करून घ्या, पहिली जाते ती वीज.

स्वतःची गाडी. वादळाच्या आदल्या दिवशी हिच्यासारखं साधन नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका. वीज गेली की पंप बंद, सीएनजीचाही बंद. गाडी रात्री तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी करा, माडाखाली नको, नारळ आणि झावळ काच फोडतात. किल्ली ठरलेल्या एकाच खिळ्यावर. गाडीत कोयता, दोर, टॉर्च आणि काच फोडायची हातोडी असावी. कोयता लहान फांद्यांसाठी आहे. झाडात तार अडकली असेल तर त्याला हात लावायचा नाही, मागे फिरायचं.

सहाआसनी, मॅजिक, बोलेरो पिकअप, छोटा हत्ती. कोकणात खरं तर माणसं हीच वाहनं हलवतात. गावातल्या दोन चालकांशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा. त्यांच्या घरात कोण म्हातारं आहे तेही विचारा, कारण त्या रात्री ते आधी स्वतःच्या घरचं बघणार आणि त्यांनी तसंच बघावं. पिकअपच्या हौद्यात उभं राहून जायचं नाही, खाली बसायचं. रोख पैसे ठेवा. निसर्गनंतर कितीतरी गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही नव्हते, तेव्हा फोनवरून पैसे कुठले जाणार!

एसटी. माणसं एकदम हलवायची तर एसटीला तोड नाही. जड असते आणि चालकाला रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठ असतो. प्रशासन निवाऱ्यात नेण्यासाठी गाड्या लावतं, त्या कुठे थांबणार हे सरपंच, पोलीस पाटील किंवा तलाठ्याकडून आधीच कळून घ्या. मात्र वस्तीची, म्हणजे गावात रात्री मुक्कामाला थांबणारी, गाडी सकाळी निघेल या भरवशावर रात्र काढू नका. आणि वाहत्या पाण्यासमोर चालक थांबला तर त्याच्यावर "घाला हो गाडी" असा दबाव आणणारा प्रवासी सगळ्यांचा शत्रू असतो. त्याला गप्प करा.

ट्रॅक्टर, डंपर, जेसीबी. साचलेल्या संथ पाण्यातून माणसं काढायला उपयोगी. ओढ असलेल्या पाण्यात तेही नको. ट्रॅक्टरची ट्रॉली वजनाला हलकी असते आणि आधी तीच तरंगते.

रेल्वे. वादळाच्या दोन दिवस आधी मुंबईकडे किंवा गोव्याकडे जायचं असेल तरच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, मुसळधारेत गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात, आणि दरडीमुळे मार्ग कधीही थांबतो. शिवाय किनाऱ्यापासून स्टेशन लांब. दापोलीकराला खेड, गुहागरकराला चिपळूण गाठावं लागतं, म्हणजे आधी तोच रस्ता आलाच.

होडी आणि फेरीबोट. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा या फेऱ्यांनी एरवी तासांचा वळसा वाचतो. म्हणूनच त्यांची आठवण होते. पण बंदरावर धोक्याचा बावटा लागला की त्या बंद होतात आणि तसंच व्हायला हवं. तुमच्या बेतात फेरीबोट धरूच नका. पूर आलेल्या वस्तीत लहान होडी माणसं काढू शकते, पण ती चालवणारा खाडीचा माणूस हवा, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं आणि बसायचं ते तळाशी. टायरची ट्यूब किंवा रिकामे कॅन हे बुडत्याला टेकू म्हणून ठीक, त्यावर बसून प्रवास करायचा नाही.

रुग्णवाहिका १०८. आजाऱ्यासाठी तिला लवकर बोलवा, रस्ता चालू असताना. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस आणि इतर मदतीसाठी ११२. हे आकडे फोनमध्ये आहेतच, भिंतीवरही लिहा.

कोणत्या वेळी काय

आमच्या दारामागच्या कागदावर चार ओळी आहेत. वादळाचा इशारा, दोन दिवस आधी: आजी, पोरं आणि वहिनी गाडीने चिपळुणात उंचावरच्या नातेवाइकांकडे. रेड अलर्ट आणि उधाण एकत्र: भरतीच्या चार तास आधी आजी डोलीने वरच्या वाडीत, गाडीही आधीच वर नेऊन लावायची. पाणी गडग्याच्या त्या चिऱ्याला लागलं: सगळे पायी वर, किल्लीला हात नाही. पाखाडीही बंद झाली: माळा. तिथे दोर, पाणी, टॉर्च, शिट्टी आणि कौलं काढायला कोयता ठेवलाय.

तिसऱ्या ओळीवर घरात वाद झाला होता. गाडी कर्जाची आहे, ती पाण्यात सोडायची म्हणजे पोटात खड्डा पडतो. म्हणून दुसऱ्या ओळीत गाडी आधीच वर नेणं घातलं. घरातल्या माणसाचा जीव ज्या वस्तूत अडकलाय ती वस्तू आधी हलवली की माणूस वेळेवर निघतो. तुमच्या घरात ती वस्तू कदाचित शिलाई मशीन असेल, देव्हाऱ्यातले टाक असतील, गाय असेल. तिला कागदावर जागा द्या.

रात्रीसाठी एक ओळ वाढवा. पाऊस धरलेल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, निर्णय घ्यायचा. झोपून उठल्यावर बघू म्हणणाऱ्या घरांनाच सगळ्यात जास्त किंमत मोजावी लागलीय.

गाडी पाण्यात अडकलीच तर

साधारण एक फूट वाहतं पाणी लहान मोटार उचलायला पुरतं, दोन फुटांत बहुतेक मोठ्या गाड्याही सरकतात. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही, म्हणून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. तरी अडकलात आणि इंजिन बंद पडलं, तर ते पुन्हा सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर इंजिन फुटतं, आणि तुमची मिनिटं त्यातच जातात. पट्टे सोडा, खिडकी लगेच खाली घ्या, कारण पाणी चढल्यावर दार बाहेरच्या दाबाने उघडत नाही आणि विजेच्या काचा अडतात. पोरांना आधी बाहेर काढा, टपावर चढा, मग ११२. काच फोडावी लागली तर बाजूची, कोपऱ्यात मारून. समोरची काच फुटत नाही.

परतताना

पाणी उतरल्यावर आधी एका मोठ्या माणसाने दिवसा पायी जाऊन वाट बघून यावी. मोऱ्यांखालची माती वाहून गेलेली असते, वरचं डांबर मात्र जागच्या जागी दिसतं. काठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर त्यावरून गाडी नेऊ नका. पाण्यात उभी राहिलेली गाडी किंवा स्कूटर चालू करून बघायची घाई नको. बॅटरीची तार सोडा, चारी बाजूंनी आणि पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या. बॅटरीवर चालणारी असेल तर तिला घरापासून लांब, मोकळ्या जागेत ठेवा, भिजलेली बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते. आजीला मात्र घर धुऊन, वीज तपासून, विहिरीच्या पाण्यात औषध टाकून झाल्याशिवाय खाली आणायचं नाही. पाखाडी उतरताना डोलीत तिचं तोंड चढाच्या बाजूला ठेवायचं, नाहीतर ती पुढे घसरते.